ओल, चर आणि कायदा : इंग्लंडमधील तळघरवस्तीचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदरात मजूरवर्गाचा मोठा भाग रस्त्याच्या पातळीखालच्या खोल्यांत राहत होता. आज लंडनमध्ये तळघर कोरडे करून तेथे शयनगृह, अभ्यासिका किंवा भाड्याचे स्वतंत्र घर करण्याचा जो व्यवसाय भरभराटीला आला आहे, त्याचे मूळ शोधत गेल्यास ते सिमेंटच्या किंवा डांबराच्या कारखान्यापेक्षा या मजूरवस्तीत आणि तिच्याविरुद्ध झालेल्या कायद्यांत अधिक सापडते. तळघर राहण्याजोगे कसे करावे, याचे उत्तर इंग्लंडला आधी कायद्याच्या भाषेत मिळाले आणि बांधकामाचे शास्त्र त्यामागून चालत आले, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

तळघर मुळात कोळसा, पिंपे आणि माल ठेवण्यासाठी बांधले जाई आणि तेथे थोडी ओल असली तरी कोणाचे फारसे बिघडत नसे. लँकेशायर परगण्यात तर ही ओल धंद्याच्या उपयोगाची होती. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होऊन वारंवार तुटतो, ओलसर हवेत मात्र तो लवचिक राहतो, म्हणून तेथील विणकर आपले हातमाग अर्धवट जमिनीखाली असलेल्या खोल्यांत मांडत. यंत्रमागांनी हातमागाला मागे सारल्यावर अशा अनेक खोल्या मोकळ्या झाल्या आणि गिरण्या, गोदी व बांधकामांवर काम शोधत शहरात आलेल्या कुटुंबांनी त्यांत बिऱ्हाडे थाटली. मँचेस्टरमधील परिस्थितीचे १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णन करणाऱ्या फ्रीड्रिश एंगेल्स यांनी नदीच्या पातळीपेक्षा खाली असलेल्या एका तळघराची नोंद केली आहे. तेथील विणकराला जमिनीतून वर येणारे पाणी रोज सकाळी उपसून रस्त्यावर ओतावे लागे. धाग्याला मानवणारी हवा माणसाला मानवत नाही, हे दुःख त्या काळच्या शहरांनी फार मोठ्या प्रमाणावर सोसले.

तळघरात पाणी दोन वाटांनी शिरते आणि या दोन वाटांतील फरक लक्षात न आल्यामुळेच पुढील शंभर-सव्वाशे वर्षे पुष्कळ उपाय वाया गेले. पहिली वाट केशाकर्षणाची, म्हणजे वीट, दगड व चुना यांच्यातील अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी आपोआप वर चढण्याची. या पाण्याबरोबर मातीतील क्षारही वर येतात, पृष्ठभागावर पाणी सुकते पण क्षार मागे राहतात, भिंतीला लोणा लागतो आणि गिलाव्याचे पोपडे निघू लागतात. दुसरी वाट दाबाची. भोवतालची माती पाण्याने भरली की ते पाणी आपल्या वजनानिशी भिंतीवर रेटा देते आणि हा रेटा खोलीबरोबर वाढत जातो. पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर तो दर चौरस मीटरला सुमारे एक टन असतो आणि दोन मीटरवर दोन टन. चढणारी ओल अडवायला भिंतीत एक आडवा अभेद्य थर पुरतो, परंतु रेट्याने येणारे पाणी त्या थराला जुमानत नाही. ते फरशी आणि भिंत यांच्या सांध्यातून, किंवा जेथे कोठे बारीकशी फट असेल तेथून, आत येते.

लिव्हरपूलमधील डॉक्टर विल्यम हेन्री डंकन यांनी १८४० च्या सुमारास शहरातील सुमारे चाळीस हजार माणसे तळघरांत राहत असल्याचा अंदाज मांडला होता. पुढे नगरपालिकेने केलेल्या पाहणीत सुमारे ६,३०० तळघरांत वीस हजारांहून अधिक रहिवासी मोजले गेले आणि त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास तळघरे ओली किंवा पाणी साचणारी असल्याचे आढळले. दोन आकड्यांत मोठी तफावत असली तरी निष्कर्ष एकच होता. शहराच्या मृत्युदराचा या खोल्यांशी संबंध आहे, हे डंकन यांनी १८४३ साली स्थानिक विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधात आग्रहाने सांगितले. रोग दूषित हवेमुळे होतो, ही त्या काळची समजूत त्यांचीही होती आणि ती चूक होती. तरीही ओल, अंधार, दाटी आणि सांडपाणी यांवर त्यांनी ठेवलेले बोट अचूक होते आणि चुकीच्या सिद्धांतातून योग्य सुधारणा घडल्याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे मानावे लागते.

या प्रयत्नांतून १८४२ साली तळघरवस्तीवर निर्बंध घालणारा स्थानिक कायदा झाला, १८४६ साली आरोग्यविषयक स्वतंत्र कायदा आला आणि त्यानुसार १८४७ च्या आरंभी डंकन ब्रिटनमधील पहिले आरोग्याधिकारी म्हणून नेमले गेले. त्याच वर्षी नगर अभियंता म्हणून जेम्स न्यूलँड्स यांची नेमणूक झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी संपूर्ण शहराचा एकत्रित विचार करणाऱ्या भुयारी गटारांचे काम सुरू केले. मात्र १८४७ हेच आयर्लंडमधील दुष्काळाचे भीषण वर्ष होते. त्या एका वर्षात सुमारे तीन लाख आयरिश माणसे लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरली, त्यांतील पुष्कळजण पुढे अमेरिकेला गेले, परंतु ज्यांच्याजवळ प्रवासाला पैसे नव्हते ते शहरातच राहिले आणि ज्या तळघरांतून आधीच्या रहिवाशांना बाहेर काढले होते तेथेच शिरले. पर्यायी घरे न देता लोकांना ओलीतून हुसकावणे हा त्या सुधारणेचा सर्वांत मोठा दोष होता. बाहेर काढलेली कुटुंबे वरच्या मजल्यावरच्या आधीच गच्च भरलेल्या खोल्यांत जात किंवा रात्री गुपचूप तळघरात परतत, आणि अधिकारी त्यांना पुन्हा बाहेर काढत.

हा अनुभव १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात उतरलेला स्पष्ट दिसतो. ज्या तळघरात कोणीही रात्र काढतो ते निवासी तळघर समजावे, अशी व्याख्याच या कायद्याने केली, त्यामुळे ही केवळ साठवणीची खोली आहे असे म्हणून घरमालकाला सुटता येईना. कायद्यानंतर बांधलेले तळघर निवासासाठी देण्यास बंदी झाली आणि जुन्या तळघरांना अटी लागू झाल्या. खोलीची उंची निदान सात फूट असावी आणि त्यांपैकी तीन फूट रस्त्याच्या पातळीवर असावेत. दर्शनी भिंतीच्या बाहेर, तिच्या संपूर्ण लांबीभर, फरशीच्या सहा इंच खालपासून रस्त्याच्या पातळीपर्यंत निदान अडीच फूट रुंद मोकळा खंदक असावा. पाणी वाहून नेणारी मोरी अशी घालावी की तिचा माथाही फरशीच्या निदान एक फूट खाली राहील. शिवाय धुराड्यासह चूल आणि बाहेर उघडणारी खिडकी असावी.

या अटींत जलरोधक लेपाचा उल्लेख नाही. कायद्याने भिंतीवर काय चोपडावे हे सांगितले नाही, तर ओली माती भिंतीपासून दूर कशी ठेवावी आणि फरशीखालचे पाणी वाहते कसे ठेवावे, हे सांगितले. मोकळ्या खंदकामुळे भिंतीला माती टेकत नाही, म्हणून पाण्याचा रेटा उत्पन्नच होत नाही, आणि फुटभर खालच्या मोरीमुळे पाणी फरशीपर्यंत चढण्यापूर्वीच निघून जाते. ज्या कोणी ही कलमे लिहिली, त्यांना पाण्याचा स्वभाव नीट कळला होता.

खंदकाची कल्पना लंडनच्या गवंड्यांना नवी नव्हती. अठराव्या शतकात तेथे जी एकसारख्या घरांची लांबच लांब ओळ बांधली जाई, तिच्यात पाया फार खोल न खणता, उपसलेली माती पुढच्या बाजूला टाकून रस्ताच उंच करण्याची रीत होती. त्यामुळे समोरून तळघर वाटणारा मजला मागच्या बाजूला जवळजवळ मूळ जमिनीच्या पातळीवर येई. रस्ता आणि घर यांच्यामध्ये मोकळा खंदक राही, रस्त्याखालच्या कमानदार कोठीत कोळसा साठवला जाई आणि तळमजल्याखालच्या स्वयंपाकघरात नोकरवर्ग राबे. श्रीमंत घराच्या नोकरांना मिळालेली ही कोरडी रचना गिरणगावातील मजुरांच्या तळघरांना मिळाली नाही, कारण तेथे जमिनीचा प्रत्येक हात भाड्याला जुंपलेला होता.

साहित्याचा इतिहास याच काळात समांतर चालला होता. साधा चुना ओल्या जागी नीट घट्ट होत नाही, कारण घट्ट होण्यासाठी त्याला हवेतील कर्बवायू लागतो. म्हणून पाण्यातही पकड घेणाऱ्या सिमेंटचा शोध चालू होता. जेम्स पार्कर यांनी १७९६ साली चिकणमातीमिश्रित चुनखडीच्या गोट्यांपासून बनवलेल्या सिमेंटचे पेटंट घेतले आणि १८२४ साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे. फ्रान्समधील सेसेल येथील नैसर्गिक डांबरी दगडापासून केलेल्या अस्फाल्टचे इंग्लंडमधील हक्क १८३७ साली रिचर्ड क्लॅरिज यांनी पेटंटद्वारे मिळवले. यानंतर तळघराला सर्व बाजूंनी अखंड अभेद्य वेष्टन देण्याची पद्धत हळूहळू रुळली. आडव्या पृष्ठभागावर तीन हातांत मिळून सुमारे ३० मिलिमीटर आणि उभ्या भिंतीवर तीन हातांत सुमारे २० मिलिमीटर जाडीचा गरम अस्फाल्ट ओढणे हे पुढे तिचे प्रमाण ठरले.

नव्या इमारतीत हा थर भिंतीच्या बाहेरून देता येतो, म्हणजे पाण्याचा रेटा त्याला भिंतीवर दाबून धरतो. जुन्या घरात मात्र बाहेरची माती काढता येत नाही, शेजाऱ्याची भिंत लागून असते, म्हणून थर आतून द्यावा लागतो आणि तोच रेटा त्याला भिंतीपासून सुटा करू पाहतो. यासाठी आतल्या थरापुढे आणखी एक भिंत आणि फरशीवर काँक्रीटचा जड थर घालून त्याला वजनाखाली ठेवावे लागे. खोली चहूबाजूंनी आक्रसे, खर्च वाढे, आणि एवढे करूनही कोणीतरी फळी ठोकताना थराला भोक पाडले की पाणी त्या एका जागेतून येई आणि मूळ गळती दिसत असलेल्या डागापासून कितीतरी दूर असे. सिमेंटचा जलरोधक गिलावाही जुन्या, हलणाऱ्या भिंतीत बारीक तडा गेला की निकामी होई. अभेद्य वेष्टनाची पद्धत वाईट नव्हती, परंतु तिला निर्दोष काम हवे होते आणि निर्दोष काम ही अपेक्षा कोणत्याही बांधकामावर सर्वकाळ टिकत नाही.

दरम्यान राहणारा वर्ग बदलला. पहिल्या महायुद्धानंतर घरात राहणारे नोकर मिळेनासे झाले, लंडनमधील मोठ्या घरांचे मजलेवार तुकडे पडले आणि पूर्वीचे स्वयंपाकघर स्वतंत्र बिऱ्हाड म्हणून भाड्याने जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जागेच्या किमती वाढल्यावर हेच बिऱ्हाड प्रतिष्ठेचे झाले आणि त्याबरोबर पाण्याला वाट करून देण्याचा विचार नव्या साहित्यात परतला. भिंतीला व फरशीला उंचवटे असलेला जाड प्लास्टिकचा पत्रा बसवतात. उंचवट्यांमुळे भिंत आणि पत्रा यांच्यात काही मिलिमीटरांची पोकळी राहते, आलेले पाणी या पोकळीतून दाब न साठवता खाली उतरते, फरशीच्या कडेच्या चरातून एका खड्ड्यात जमते आणि तेथून पंप ते बाहेर टाकतो. ब्रिटिश प्रमाणसंस्थेने १९९० साली काढलेल्या आणि २००९ व २०२२ मध्ये सुधारलेल्या ८१०२ क्रमांकाच्या मानकात अभेद्य थर, स्वतःच जलरोधक असलेले काँक्रीट आणि ही निचऱ्याची पोकळी अशा तिन्ही पद्धतींना मान्यता आहे व जोखीम मोठी असेल तेथे त्या एकत्र वापराव्यात असा सल्ला आहे. जुन्या घरांच्या बाबतीत तिसरी पद्धत सर्वांत विश्वासार्ह म्हटली पाहिजे, कारण पाणी कधीतरी आत येणारच, हे गृहीत धरूनच ती आखलेली असते आणि चर व पंप उघडून तपासता येतात.

पंपावर भिस्त ठेवणे म्हणजे विजेवर आणि सार्वजनिक गटारावर भिस्त ठेवणे होय. म्हणून जाणकार दुसरा पंप, बॅटरी, पाणी वाढल्याची सूचना देणारी घंटा आणि उलट्या प्रवाहाला अडवणारी झडप यांचा आग्रह धरतात. श्रीमंत वस्त्यांत घराखाली एकाखाली एक मजले खोदण्याची लाट आल्यावर लंडनच्या केन्सिंग्टन आणि चेल्सी या विभागाने २०१५ साली सामान्यतः एकच मजला आणि बागेच्या निम्म्या भागाखालीच खोदकाम, अशी मर्यादा घातली. जुलै २०२१ मध्ये लंडनमध्ये दोनदा ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा गटारे भरून उलटली आणि अनेक तळघरांत पाणी शिरले.

त्यानंतर काही आठवड्यांनी, १ सप्टेंबर २०२१ रोजी, आयडा चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात सुमारे ८० मिलिमीटर पाऊस पडला. त्या शहराच्या तेव्हाच्या नियमांनुसार ज्या मजल्याची निम्म्याहून अधिक उंची रस्त्याच्या पातळीखाली असे तो सामान्यतः राहण्यासाठी भाड्याने देता येत नसे, पण घरभाडे न परवडणारी असंख्य कुटुंबे, त्यांत परदेशातून आलेली पुष्कळ, अशाच अनधिकृत खोल्यांत राहत होती. त्या रात्री शहरात १३ जण मरण पावले आणि त्यांतील ११ जण तळघरांत होते. त्या खोल्यांच्या भिंतींना कोणताही लेप असता तरी रस्त्यावरून जिन्याने उतरणारे पाणी थांबले नसते. तळघराला निवासाचा परवाना देताना भिंतीच्या थराची जाडी विचारण्याआधी पाणी कोठून बाहेर जाईल आणि माणूस कोठून बाहेर पडेल, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि ज्यांना ती खोली सोडायला लावायची त्यांना आधी दुसरे घर दिले पाहिजे.