एका तासाचा हिशेब



गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईंची बाळंतपणाची रजा संपली. कामावर रुजू व्हायच्या आठ दिवस आधी तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. पाळणाघर साडेआठ ते साडेसहा. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. सकाळचं गणित जुळत होतं. संध्याकाळी मात्र साडेसहा ते सव्वासात हा चौकोन रिकामा होता आणि त्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

तो कागद पाहून मला माझा १९८६ सालचा कागद आठवला. तो मी जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर केला होता. त्यातही एक रिकामा चौकोन होता. त्याबद्दल पुढे सांगतेच. पण त्या रात्री मनात आलं, की आईचं घड्याळ आणि पाळणाघराचं घड्याळ जुळवायची ही धडपड मुळात कधीपासूनची? मग जुनं थोडं वाचलं. ते आज तुमच्यापुढे मांडते.

भोंगा आणि बाळागोळी

मुलं सांभाळण्याची वेगळी जागा, ज्याला इंग्रज लोकही 'क्रेश' हा फ्रेंच शब्दच वापरतात, ती पहिल्यांदा १८४४ साली पॅरिसमध्ये फिरमँ मार्बो या गृहस्थांनी काढली. कष्टकरी आईचा कामाचा दिवस तोच त्या जागेचा दिवस, हा तिचा पायाच होता. आपल्याकडे हा प्रश्न मुंबईच्या गिरण्यांनी आणला.

शेतावर काम करणारी बाई बाळाला झाडाला झोळी बांधून निजवू शकत होती. ते रडलं की खुरपं ठेवून पाजू शकत होती. गिरणीचा भोंगा झाला आणि फाटक बंद झालं की हे संपलं. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचं काम दिवसाला ११ तासांवर आणलं. नीट वाचा, ११ तासांवर 'आणलं', म्हणजे त्याआधी त्याहून जास्त असे. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत असत आणि त्यांच्यावर नायकीण असे. परळ-लालबागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत बाळ कोणाजवळ ठेवायचं? कोणी म्हातारी असेल तर तिच्याजवळ, नाहीतर सात-आठ वर्षांच्या थोरल्या मुलीजवळ. तिची शाळा तिथेच संपली.

आणि बाळ दिवसभर रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरने त्या काळात गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा ही गोळी घरोघरी दिली जाते असं आढळलं. त्या आयांना मूल नकोसं होतं का? मुळीच नाही. त्यांच्या फ्रिजवरच्या कागदात (फ्रिज कुठला म्हणा!) एक नाही, दहा चौकोन रिकामे होते आणि ते भरायला बाजारात एवढीच वस्तू मिळत होती.

१९२१ च्या नोंदींत मुंबईत दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक मुलं वर्षाच्या आत गेल्याचं दिसतं. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावाला नोंदला जाई आणि मूल मुंबईत दगावलं तर मृत्यू इथे नोंदला जाई, म्हणून हा आकडा फुगलेला आहे. पण फुगवटा वजा करूनही जे उरतं ते वाचून माझ्या हातातला चहा गार झाला.

आधी रजा, मग जागा

कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. ते नामंजूर झालं. मग १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात तसंच विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना जी भूमिका घेतली ती मला कॉमर्सची विद्यार्थिनी म्हणून फार पटली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार खरं तर सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा तोही जबाबदारी टाळू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे तेव्हा मांडला गेला होता.

१९२९ चा मुंबई प्रांताचा कायदा हा देशातला असा पहिला. दिवसाला आठ आणे, जास्तीत जास्त सात आठवडे. मध्य प्रांताने १९३० मध्ये त्याचं अनुकरण केलं. सात आठवडे संपले की मात्र बाळ महिन्याचं आणि आई पुन्हा भोंग्याच्या हुकमात.

जागेचा प्रश्न नंतर सुटू लागला. नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या काही गिरण्यांनी कायद्याची वाट न पाहता पाळणाघरं काढली होती. सक्ती आली ती १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने. ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली, प्रशिक्षित बाई, कपडे धुण्या-बदलण्याची सोय आणि आईला मधून येऊन पाजता येईल अशी व्यवस्था हवी. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या. १९७६ मध्ये ५० चा आकडा ३० वर आला.

एक गोम लक्षात आली का? इथे मोजल्या जात होत्या फक्त बायका. म्हणजे एकावन्नावी बाई कामावर घेतली की मालकाच्या डोक्यावर पाळणाघर. हिशेबी मालकाने मग पन्नासावरच थांबायचं ठरवलं तर? मूल दोघांचं, पण खर्च लिहिला जाई एकटीच्या नावावर.

बालवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचं जे काम केलं, त्याच्या पायावर अंगणवाडी उभी आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण बालवाडी काय, अंगणवाडी काय, त्यांची वेळ मुलाच्या शिकण्यावरून आणि आहारावरून ठरली. काही तास झाले की मूल घरी. घरी कोणीतरी आहे, हे गृहीतच धरलेलं.

आईच्या कामाच्या वेळेवरून आपलं घड्याळ लावणारी एक संस्था मात्र १९६९ मध्ये दिल्लीत निघाली. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी राजघाटाजवळ बांधकाम चालू होतं. मजूर बायका घमेली वाहत होत्या आणि त्यांची मुलं उन्हात खडी-मातीत लोळत होती. ते मीरा महादेवन यांनी पाहिलं आणि तिथेच तंबू ठोकून मुलं सांभाळायला सुरुवात केली. हेच मोबाइल क्रेशेस. इमारत पूर्ण झाली की मजूर पुढच्या कामावर जात आणि पाळणाघरही बिऱ्हाड उचलून हलत असे. पुढे मुंबई आणि पुण्यातही हे काम सुरू झालं. आईचा दिवस तोच पाळणाघराचा दिवस! पॅरिसमधली सव्वाशे वर्षांपूर्वीची कल्पना अशी घमेलं वाहणाऱ्या बाईपर्यंत पोचली.

शेजारच्या काकू आणि माझा तास

तुमच्या-माझ्यासारख्या मध्यमवर्गीय बायका मोठ्या संख्येने नोकरीत आल्या त्या बँका, विमा आणि सरकारी कचेऱ्या वाढल्या तेव्हा. त्यांचं बाळ कोणी सांभाळलं? कायद्याने नाही. शेजारच्या काकूंनी. दोन खोल्यांत सतरंजी टाकून आठ-दहा मुलं, भिंतीला पाटी, 'येथे लहान मुले सांभाळली जातील'. बँकेतली बाई कमावती झाली ती या काकूंच्या जिवावर. त्यांना ना रजा, ना भविष्यनिर्वाह निधी.

मीही अशाच एका काकूंकडे मुलाला ठेवणार होते. आम्ही तेव्हा ठाण्याला राहत होतो. बी.कॉम. होऊन मी फोर्टमधल्या एका खाजगी कचेरीत अकाउंट्सला होते. तीन महिन्यांची रजा संपत आली आणि मी वहीच्या मागे कागद केला. कचेरी सुटणार साडेपाचला. व्ही.टी.पर्यंत चालत, मग लोकल, मग स्टेशनवरून घर. सात वाजणार. काकू बंद करणार सहाला, कारण त्यांचे यजमान सव्वासहाला घरी येत.

सहा ते सात. हा माझा रिकामा चौकोन.

सासूबाई होत्या ना, असं तुम्ही म्हणाल. होत्या, आणि प्रेमळ होत्या. पण आपल्या घरातली संध्याकाळ तुम्हाला माहीत आहे. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची, चूल आवरायची आणि मग त्या सामायिकाला बसायच्या. त्या ४८ मिनिटांत त्या आसनावरून उठत नसत. त्यांचे गुडघे दुखायचे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी कचेरीत अर्धा तास लवकर येऊन अर्धा तास लवकर जाण्याची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, एकीला दिली तर सगळ्या मागतील. मी राजीनामा लिहिला. कोणी जबरदस्ती केली नाही. उलट घरात सगळ्यांना वाटलं, किती समंजस आहे.

आता वयाच्या या टप्प्यावर एक गोष्ट खटकते. त्या कागदावर मी काकूंची वेळ लिहिली, सासूबाईंची लिहिली, साहेबांची लिहिली, लोकलची लिहिली. मुलाच्या वडिलांची वेळ मी लिहिलीच नाही. त्यांची कचेरी ठाण्यातच होती आणि पाचला सुटायची. विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्यांनाही नाही. राग नाही हो मनात. पण हिशेब लिहिताना एक खातंच राहून गेलं, हे खरं.

नवा कायदा, तोच चौकोन

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे केली. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येईल असं ठरलं. मला यातला सर्वात मोठा बदल वाटतो तो म्हणजे आता मोजायची ती 'माणसं', नुसत्या बायका नाहीत. पन्नासच्या पन्नास पुरुष असले तरी सोय हवी. बाईला कामावर घेतलं म्हणून पाळणाघराचा खर्च वाढला, असं आता म्हणता येत नाही. रजेचा पगार मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी मालकाच्याच खिशातून जातो. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सरकारच्या वाट्याबद्दल जे म्हटलं, ते अजून पुरतं झालेलं नाही. आणि घरकाम करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत तर यातलं फार थोडं पोचलं.

शंभर वर्षांत रजा आठवड्यांनी वाढली, जागा मिळाली, दुधाची सोय झाली. दिवसाच्या टोकाचा तो पाऊण-एक तास मात्र कोणत्याच कायद्यात नीट बसला नाही. तो कधी थोरल्या मुलीने भरला, कधी बाळागोळीने, कधी शेजारणीने, कधी आजीने. नाहीतर राजीनाम्याने.

म्हणून फ्रिजवरच्या कागदाकडे परत येते. सूनबाई संकोचाने म्हणाली, "आई, तुम्ही आणाल का त्याला रोज?" मी म्हटलं, "आणीन. पण रोज नाही. आधी सगळ्यांच्या वेळा लिहू." मग आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. चिरंजीवांनी त्यांच्या कचेरीत विचारलं, तर सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी लवकर जाऊन साडेपाचला निघायची मुभा मिळाली. विचारल्यावर मिळाली, हे महत्त्वाचं. मंगळवार-गुरुवार मी जाते. त्या दिवशी लवकर जेवते आणि सामायिक सकाळीच करते. पाळणाघराच्या बाईंना एखाद्या दिवशी उशीर झाला तर त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायचे हे आधीच ठरवलं. त्यांच्याही घरी संध्याकाळ होते.

कागदावर आता माझं नाव पेन्सिलीने नाही, पेनाने लिहिलेलं आहे. आठवड्याचे दोन तास. मला त्याचे पैसे नकोत, पण ते कुठेतरी लिहिलेले असावेत एवढं वाटतं.

तुमच्या घरी हा चौकोन कोणी भरला, मैत्रिणींनो? आठवून पाहा, आणि ती बाई अजून असेल तर तिला एकदा सांगा.