रानड्यांची सोनघंटा

वर्ध्याच्या बाजारात अननस मिळतो, पण त्याच्या कुळातले एकही रानटी झाड या जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या आशियात नाही. ब्रोमेलिएसी कुळातील ३,००० हून अधिक जाती अमेरिकेतल्या. अपवाद एकच, पश्चिम आफ्रिकेतील पिटकेर्निया फेलिसियाना. या कुळात नवी जाती शोधायची तर ब्राझीलसारखा देश गाठावा लागेल. पण एखादी जाती ‘नवी’ कशी ठरते हे समजून घ्यायला आपले कपाशीचे कूळ पुरेसे आहे.

कपाशीचे फूल उलगडले की पुंकेसर जुळून झालेली नळी दिसते. रस्त्याकडेच्या मुद्रेतही, म्हणजे पेटारीतही, तेच. तिचे शास्त्रीय नाव अब्युटिलॉन इंडिकम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये जी. एम. वुड्रो वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्यांच्यासाठी सह्याद्रीत वनस्पती गोळा करणाऱ्या रानडे यांना आंबा घाटात मुद्रेच्याच प्रजातीतले एक झुडूप आढळले. फुले मोठी, घंटेसारखी लोंबणारी, पिवळसर नारिंगी, वर लाल शिरा. यालाच आज सोनघंटा म्हणतात.

फूल वेगळे दिसले म्हणजे जाती नवी, असे नव्हे. वाळवलेला नमुना ज्ञात जातींशी ताडून पाहावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा मोठा संग्रह लंडनजवळच्या क्यू उद्यानात होता. तेथील ओटो स्टाप्फ यांच्यासह वुड्रोंनी १८९४ मध्ये क्यूच्या पत्रिकेत वर्णन छापले: अब्युटिलॉन रानडेई. नावापुढे कर्ते म्हणून वुड्रो आणि स्टाप्फ लिहिले जातात, कारण नियमाने नाव वर्णन प्रसिद्ध करणाऱ्याचे, शोधणाऱ्याचे नव्हे. घाट तुडवणाऱ्याच्या वाट्याला जातिवाचक शब्द आला. आम्हाला हा वाटा थोडाच वाटतो.

पुढे नियम कडक झाले. १९३५ ते २०११ लॅटिन वर्णन सक्तीचे होते. २०१२ पासून इंग्रजीही चालते. १९५८ पासून प्ररूप नमुना कोणता, हे सांगावेच लागते.

सोनघंटा मात्र दीर्घकाळ कुणाला दिसली नाही, ती नामशेष झाली असेच मानले गेले. सह्याद्रीत ती पुन्हा सापडली तेव्हा ओळख पटवायला ते जुने वर्णन आणि जपलेले नमुने होते. आजही ती मोजक्याच ठिकाणी आहे. छाट कलमांनी बागांत वाढवतात.

वर्गात कपाशी आणि मुद्रा शेजारी ठेवून मुलांना दोन्हींचे वर्णन लिहायला सांगावे. कपाशीच्या पातीला वेढणारी तीन दातेरी छदे मुद्रेला नाहीत, हे किती जण टिपतात ते पाहावे.