निळ्या आजाराची नावं

रक्तात प्राणवायू कमी पडला, की ओठ, जीभ, नखं निळसर दिसू लागतात. डॉक्टर याला 'सायनोसिस' म्हणतात. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी. ए.; वैद्यकाशी संबंध रुग्ण म्हणून आला तेवढाच. पण या शब्दाचा माग काढताना घरबसल्या युरोपची फेरी झाली.

शब्द मूळचा ग्रीक. 'क्यानोस' म्हणजे गडद निळा खडा किंवा तशा काचेचा मुलामा. होमरच्या 'इलियड'मध्ये मात्र झ्यूस देवाच्या भुवया या रंगाच्या आहेत. मुलाचं मरण जवळ आलेलं जाणून थेटिस जे वस्त्र घेते तेही. निळ्या भुवया कुणाच्या असतात? उघड आहे, त्या शब्दाला निळ्या-काळ्यातली भिंत मान्य नाही. मूल रडून रडून 'काळंनिळं पडलं' म्हणणाऱ्या आपल्या बायकांना हे ग्रीक शिकवावं लागणार नाही.

फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश यांनी ग्रीक शब्दच थोडा वळवून घेतला. जर्मनांनी तो घेतला, पण घरचा 'ब्लाउझुख्ट'ही ठेवला. यातल्या 'झुख्ट'चा जुना अर्थ आजार. आज तोच शब्द व्यसनासाठी रूढ आहे. पोलिश लोकांचा 'शिनित्सा' मला अधिक भिडला. तो ज्या रंगावरून आला, तो मुका मार लागल्यावर अंगावर उमटतो तो रंग.

फ्रेंच लोक 'निळा आजार' असंही म्हणत. मार्सेयच्या डॉ. फालो यांनी १८८८ मध्ये त्यामागचे हृदयातले चार दोष एकत्र मांडले. अशा बाळावर २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रिया झाली. कल्पना हेलन टॉसिग यांची, हात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे. आणि त्यांच्या खांद्यामागे उभं राहून सूचना देत होते व्हिव्हियन थॉमस. आधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया बसवणारे हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ डॉक्टर नव्हते.

थॉमस यांचा वर्ण मुद्दाम सांगितला. ही सगळी नावं ठेवली गेली ती गोऱ्या कातडीकडे पाहून. काळ्यासावळ्या अंगावर निळं सहज दिसत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचीही तीच गत : २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्राणवायूची कमतरता यंत्राच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळलं. म्हणून माणूस धापा टाकत असेल, तर आकडा चांगला दिसला तरी त्याची जीभ पाहावी, ओठ उलटून पाहावा, खालची पापणी ओढून पाहावी.