डोक्यातली गाठ आणि खोडदच्या तबकड्या

‘गाठ साधी आहे’ हे डॉक्टरांचे वाक्य ऐकले की घरच्यांच्या जिवात जीव येतो. साधी म्हणजे कर्करोगाची नाही. पुस्तकी मराठीत ‘सौम्य’. पाठीवर किंवा दंडावर उठलेली अशी गाठ घेऊन माणूस अख्खा जन्म काढतो. कवटीत मात्र ते जमत नाही. कवटी हा झाकण पक्के बसलेला डबा आहे. आत जे काही वाढेल त्याला जागा करून द्यायची ती मेंदूनेच, आणि मेंदू ती बरीच वर्षे मुकाट्याने देत राहतो. मेंदूच्या आवरणातून उगवणारा मेनिन्जिओमा, कानाच्या नसेवरची गाठ, पिट्युटरी ग्रंथीची गाठ या तिन्हींची हीच रीत.

मी डॉक्टर नाही. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा इतिहास वाचता वाचता मी या विषयाशी येऊन पोहोचलो. दुर्बिणीचा आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेचा संबंध काय, हे पुढे येईलच. आधी शस्त्रक्रियेचे पाहू.

1884 साली इटलीत फ्रान्चेस्को दुरान्ते या सर्जनने एका 35 वर्षांच्या बाईच्या कपाळामागची मेनिन्जिओमाची गाठ काढली. बाईचा वास गेला होता, एक डोळा पुढे आला होता. ती वाचली आणि पुढे अनेक वर्षे जगली. त्या काळी बातमी एवढीच : वाचली. परिणाम मोजायचा तर जगला की मेला, यापलीकडे माप नव्हते.

ते माप बदलले अमेरिकेतल्या हार्वे कुशिंगने. 1910 साली त्याने लिओनार्ड वूड या सेनाधिकाऱ्याच्या डोक्यातला मेनिन्जिओमा काढला. वूड बरा झाला, अमेरिकी सैन्याचा प्रमुख झाला, फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल झाला. मग गाठ परत वाढली. 1927 साली पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तो दगावला. या शस्त्रक्रियेला यश म्हणायचे की अपयश? सतरा वर्षांचे भरपूर आयुष्य मिळाले, शेवटी गाठीने गाठलेच. कुशिंग आपले रोगी घरी गेल्यावरही त्यांचा माग ठेवत असे. लुईस आयझेनहार्ट या सहकारी डॉक्टर बाईंबरोबर त्याने 1938 साली मेनिन्जिओमावर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्याच्या लांबलचक नावातच शस्त्रक्रियेच्या अखेरच्या निष्पत्तीचा उल्लेख आहे. टाके काढले म्हणजे गोष्ट संपली नाही, हे या माणसाने वैद्यकाला शिकवले, असे माझे मत आहे.

त्याच वाटेवर पुढे डोनाल्ड सिम्प्सन आला. 1957 सालच्या लेखात त्याने गाठ किती काढली यावरून पायऱ्या पाडल्या. गाठ, तिचे आवरणातले मूळ आणि तिने धरलेले हाड, सगळे काढले तर परत उगवण्याचे प्रमाण 9 टक्के; मूळ काढण्याऐवजी नुसते जाळले तर 19; मूळ तसेच ठेवले तर 29; गाठीचा काही भागच काढला तर 44. शेतातली हरळी ज्याने खणली आहे त्याला हे कोष्टक समजावून सांगावे लागत नाही. पण हरळी खणताना शेजारी डोळ्याची नस नसते. मेंदूत ती असते, मोठी शीर असते, आणि सर्जनला कधी कधी मूळ जाणूनबुजून मागे ठेवावे लागते. कानाच्या नसेवरच्या गाठीत चेहरा हलवणारी नस चिकटलेली असते. 1960 नंतर शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा ती नस वाचवणे आवाक्यात येऊ लागले. तोवर रोगी वाचला तरी अनेकदा चेहऱ्याची एक बाजू लुळी घेऊन घरी जाई.

तरीही खरी अडचण चाकूच्या आधीची होती. गाठ दिसत नव्हती. साध्या क्ष-किरणात कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. वॉल्टर डँडीने 1918-19 मध्ये मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढण्याची युक्ती काढली. 1927 मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझने रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचे चित्र मिळवले. पाठीतून हवा सोडली की रोग्याचे डोके असह्य दुखे, उलट्या होत. नुसत्या संशयावरून असला त्रास कोण कोणाला देणार? परिणामी टेबलावर येणारा रोगी बहुधा उशिरा येई, आणि गाठ तोवर लिंबाची मोसंबी झालेली असे.

आता खोडदकडे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथे एका जलाशयाच्या काठावर 32 छोट्या तबकड्यांची रांग होती. ती सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पट्ट्या-पट्ट्यांनी मोजत असे. एका पट्टीवरून सूर्याचे चित्र मिळत नाही. पण वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या पुष्कळ पट्ट्या गणिताने एकत्र विणल्या तर मिळते. रोनाल्ड ब्रेसवेलने 1956 साली हे गणित नीट मांडले. पॉट्स हिलला तेव्हा काम करून गेलेला एक तरुण भारतीय पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला याच ब्रेसवेलचा विद्यार्थी झाला आणि 1961 मध्ये पीएच.डी. घेऊन बाहेर पडला. त्याचे नाव गोविंद स्वरूप. पॉट्स हिलच्या त्या 32 तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला देऊन टाकल्या आणि 1965 साली त्या कल्याणला उभ्या राहिल्या. पुढे 1990 च्या दशकात स्वरूपांनी खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या केल्या. तीच आमची जीएमआरटी.

डोक्याचे चित्रही असेच विणावे लागते. क्ष-किरणांची एक बारीक रेघ डोक्यातून आरपार गेली की वाटेत ती किती शोषली गेली एवढेच कळते. कोन बदलत बदलत मोजत गेले की आतला काप उभा राहतो. लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात 1 ऑक्टोबर 1971 रोजी गॉडफ्री हाउन्सफिल्डच्या यंत्रात पहिली रोगी बाई झोपली. 180 कोन, प्रत्येक कोनातून 160 मोजण्या. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ दिसली आणि ऑपरेशनमध्ये ती तिथेच सापडली.

इथे एक खुलासा हवा, नाहीतर गावाभिमानापोटी इतिहास वाकतो. सीटी स्कॅन खोडदमधून निघाला नाही, हाउन्सफिल्डने ब्रेसवेलची उसनवारीही केली नाही. त्याची पहिली गणिती रीत वेगळी होती, ॲलन कॉरमॅकने 1963-64 मध्ये तिसरीच वाट काढली होती, आणि मूळ सिद्धान्त तर योहान राडोनने 1917 सालीच लिहून ठेवला होता. पण ब्रेसवेलने रिडलबरोबर 1967 साली सूर्यासाठी जी सुटसुटीत रीत दिली, आणि जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीयांनी 1971 साली स्वतंत्रपणे दिली, त्याच जातीची रीत पुढच्या सीटी यंत्रांनी वापरली. खोडद आणि स्कॅन ही चुलत भावंडे आहेत, एवढे नाते पुरे.

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग 1949 मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला. 1951 मध्ये मद्रासला न्यूरॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. मुंबईत डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी या शास्त्राचा पाया घातला. जुन्नर-आंबेगावच्या माणसासाठी मुंबई माळशेज घाटापलीकडे, पुणे नव्वदेक किलोमीटरवर. अंतर तेव्हा रस्त्याचे होते, आता ते बरेचसे समजुतीचे आहे. सकाळची डोकेदुखी आणि उलटी पित्तात जाते. नजर कमी झाली की आधी चष्म्याचा नंबर बदलतो. एका कानाने ऐकू येईनासे झाले की माणूस फोन दुसऱ्या कानाला लावतो आणि विसरतो. पहिली फीट आली की बाहेरची बाधा. पिट्युटरीच्या गाठीत दोन्ही बाजूंची कडेची नजर जाते; नस सुकण्याआधी दाब काढला तर ती बऱ्याचदा परत येते, सुकल्यावर क्वचितच. शस्त्रक्रिया तीच असते, सर्जनही तोच असतो. फरक पडतो तो या महिन्यांनी.

पैशांची अडचण थोडी सैल झाली आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि 2013 च्या अखेरीस राज्यभर गेलेली जीवनदायी योजना, आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना, मेंदूच्या शस्त्रक्रियाही करते. कागदपत्रांच्या फेऱ्या आहेत, पण जमीन विकावी लागत नाही, हा काही लहान फरक नव्हे.

कुशिंगने निष्पत्तीचे माप लांबवले, तरी एक माप रुग्णालयाच्या वहीत अजून मावत नाही. गाठ पूर्ण निघाली, स्कॅन स्वच्छ आला, माणूस चालत घरी आला, म्हणजे सर्जनच्या लेखी उत्तम. पण फीट आलेली असेल किंवा येण्याचा धोका असेल, तर डॉक्टर सांगतात : गाडी चालवायची नाही, विहिरीत पोहायचे नाही, उंचावर चढायचे नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. शहरातला नोकरदार हे पाळू शकतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूला, महादेव कोळ्यांच्या घरात वर्षाचा रोख पैसा येतो तो बाळहिरड्यातून. उन्हाळ्यात हिरड्याच्या झाडावर चढून, फांदीवर उभे राहून तो उतरवावा लागतो. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या माणसाने त्या हंगामात झाडाखाली उभे राहून दुसऱ्याने टाकलेला हिरडा वेचायचा, आणि चढणाऱ्याला वाटा द्यायचा.