सूर्याचें प्रभामंडल आणि दुर्बिणींतील धूळ

१८९८ सालच्या जानेवारीच्या २२ तारखेस खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणांतून देशावर आली. विजयदुर्ग येथें इंग्लंडचे ज्योतिषी सर नॉर्मन लॉकियर आणि जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपापलीं यंत्रें मांडून सज्ज होते. इतक्या खटाटोपानंतर हातीं लागावयाचीं तीं अवघीं दोन मिनिटें! तेवढ्या अवधींत सूर्याभोवतींचें मोतिया रंगाचें तेजोवलय दिसावयाचें. पाश्चात्त्य ज्योतिषी त्यास कोरोना म्हणतात. मराठींत त्यास प्रभामंडल म्हणतां येईल.

वस्तुतः हें प्रभामंडल सूर्याभोवतीं निरंतर असतें. परंतु सूर्यबिंबाचें तेज दहा लक्ष मानिलें, तर कडेलगतच्या प्रभामंडलाचें तेज सुमारें एक भरेल. हवेंत विखुरलेल्या सूर्यप्रकाशापुढें तें सहज लोपतें. म्हणून विरळ हवेच्या शोधांत ज्योतिषी पर्वतांकडे वळले. अमेरिकेचे जॉर्ज एलरी हेल यांनीं १८९३ सालीं कोलोरॅडोंतील पाइक्स शिखरावर व १८९४ सालीं सिसिलींतील एटना पर्वतावर प्रयत्न केले. दोन्ही निष्फळ झाले. पर्वत चढल्यानें बरीचशी हवा खालीं राहिली. दुर्बीण मात्र आपल्या दोषांसह बरोबर आलेली होती.

हे दोष कोणते? माजघरांत कौलांच्या फटींतून कवडसा पडला, म्हणजे एरव्हीं न दिसणारी धूळ त्यांत चमकूं लागते. प्रत्येक कण आपणांवर पडलेला प्रकाश चोहोंकडे उधळतो. दुर्बिणीच्या भिंगावर किंवा आरशावर बसलेले कण हेंच करितात. आरशाची गोष्ट आणखी निराळी. डोळ्यांस तो कितीही गुळगुळीत दिसला, तरी त्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचसखलपणा राहतोच. आणि हा उंचसखलपणा दुप्पट झाला, तर विखुरणारा प्रकाश चौपट होतो. झिलईनें हा दोष कमी करतां येतो. धूळ मात्र झिलईस दाद देत नाहीं, ती पुनः पुनः येऊन बसते. सूर्याच्या प्रखर प्रकाशाचा अल्पसा अंश असा उधळला गेला, तरी प्रभामंडल त्यांत बुडून जातें.

म्यूडन वेधशाळेंतील फ्रेंच ज्योतिषी बेर्नार लियो यांनीं या दोषांचा एकेक करून माग काढिला. आरशाऐवजीं त्यांनीं एकच भिंग घेतलें. बुडबुडे नसलेली कांच निवडून घेतली, आणि ओरखडा राहूं नये अशा बेतानें तिला झिलई दिली. भिंगानें उमटविलेली सूर्याची प्रतिमा एका चकतीनें झांकून टाकिली. तें एक कृत्रिम ग्रहणच झालें. भिंगाच्या कडेवरून वळणारे किरण पुढील पडद्यानें अडविले, आणि भिंगाच्या दोन पृष्ठभागांमध्यें परावर्तन पावून येणारा प्रकाश दुसऱ्या एका लहानशा चकतीनें रोखिला. नळीस आंतून दाट तेल चोपडलें, म्हणजे उडणारी धूळ तेथेंच चिकटून बसावी. ही दुर्बीण घेऊन ते पिरेनीज पर्वतांतील पिक द्यु मिदी या २,८७७ मीटर उंचीच्या शिखरावर गेले. १९३० सालीं तेथें प्रभामंडलाचा मागोवा लागला, आणि १९३१ सालीं ग्रहण नसतांना त्याचीं छायाचित्रें निघालीं.

पुढें आरसेही अधिकाधिक गुळगुळीत होऊं लागले. भारतानें २ सप्टेंबर २०२३ रोजीं सोडलेल्या आदित्य एल-१ यानावर प्रभामंडल पाहणारी जी दुर्बीण आहे, ती बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनें तयार केली असून ती आरशाचीच आहे. अंतराळांत हवा नाहीं, त्यामुळें आकाशास बोल लावतां येत नाहीं. आरशाचा खडबडीतपणा आणि त्यावरील धूळ हेच तेथें मुख्य शत्रु. म्हणून तिच्या पहिल्या आरशास असाधारण झिलई द्यावी लागली.

लियो यांनीं ग्रहणाची वाट पाहण्याचें बंधन सैल केलें. तें अजीबात तुटलें मात्र नाहीं. प्रभामंडलाचा बाहेरील भाग इतका मंद आहे कीं, पृथ्वीवरून तो नीट पाहावयाचा तर ग्रहणच गांठावें लागतें. १९५२ च्या फेब्रुवारींत स्वतः लियो सुदानांत खार्टूम येथें ग्रहण पाहण्यास गेले होते. परतीच्या प्रवासांत, २ एप्रिल रोजीं, इजिप्तमध्यें आगगाडींतच त्यांचें निधन झालें.