अडकित्ता

अडकित्ता : सुपारी कातरण्याचे हातात मावणारे हत्यार. बेळगाव-निपाणी भागातल्या जुन्या माणसांच्या चंचीत पान, चुना, कात आणि निपाणीच्या तंबाखूसोबत ते हमखास असे. सुपारी बहुधा शिरसी-सिद्धापूरकडची.

नाव ऐकले की मराठी कानाला ‘अडकणे’ आठवते : सुपारी पात्यांत अडकते, म्हणून अडकित्ता. व्युत्पत्ती सोयीची आहे, पण खरी नाही. कन्नडमध्ये सुपारीला अडिके किंवा अडके म्हणतात, उत्तर कर्नाटकाच्या बोलीत अडकी; आणि या हत्याराला अडकत्तरी किंवा अडकोत्तु. तेलुगूतही ते अडकत्तेर आहे. शब्दाचा पूर्वार्ध सुपारीचा, हे एवढ्याने ठरते. मराठी रूपातला इकार बोलीतल्या ‘अडकी’तून आला असावा. उत्तरार्धाचा प्रवास अधिक गमतीचा. ‘कत्तरी’ म्हणजे कात्री, आणि तिचे मूळ संस्कृत ‘कर्तरी’. मराठी कातर, कात्री हे शब्दही त्याच घराण्यातले. अडकत्तरी हे मूळ धरले, तर संस्कृतातून दक्षिणेत गेलेला अर्धा शब्द कन्नड सुपारीला जोडून मराठीत परतला, असे म्हणावे लागते. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘अडकित्ता’ नोंदलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव-निपाणी कोणत्या राज्यात ते ठरवले. शब्दांची वाटणी मात्र तिच्या आवाक्यातली नव्हती.

अडकित्त्याचे दोन दांडे एका टोकाला खिळ्याने जोडलेले असतात. वरच्याला धारदार पाते, खालचा बोथट. सुपारी खिळ्याजवळ आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला, त्यामुळे थोड्या बळात टणक सुपारी फुटते. शाळेत दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून अडकित्ता देतात तो यासाठीच. साधा अडकित्ता लोखंडी. हौशी माणसाचा पितळी, मोराच्या किंवा पोपटाच्या आकाराचा. काही समाजांत हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती कट्यारीऐवजी अडकित्ता देतात. दोन्हीकडून पेचात सापडलेल्या माणसाला ‘अडकित्त्यात सापडला’ म्हणतात. तेलुगूतही याच अर्थाने अडकत्तेरीतल्या सुपारीचा दाखला देतात.

कातरलेली सुपारी पुडीत मिळू लागल्यापासून अडकित्ता घरोघर मागे पडला. जुन्या कारागिरीचे अनेक नमुने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत.