सपाटीचं घोडदळ, आषाढातली वाट

जुलै आला की आमच्या होटगीच्या बायकर ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो: "पन्हाळा ते विशाळगड, कच्च्या वाटेनं, कोण कोण येतंय?" यंदा त्या मेसेजवरून ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, इतिहास अनुभवायचा तर तीच वाट, तोच पाऊस. दुसरा म्हणतो, त्या वाटेवर गाडी घालायचीच नाही. भांडण व्हॉट्सअ‍ॅपवर मिटेना, म्हणून मी इतिहास काढून बसलो. आजचा भाग त्यावरच.

आधी एक साधी गोष्ट. जुन्या काळी पावसाळ्यात शक्यतो घाट कुणी चढायचंच नाही. फौजा छावणीला बसायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघायच्या. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे लमाणांचे तांडेही पावसाचे महिने मुक्काम टाकून काढायचे. कारण उघड आहे. नद्यांना उतार नसतो, जनावराचा खूर सरकतो, आणि अरुंद वाटेवर एक बैल बसला की मागचा अख्खा तांडा अडतो. आपण आज 'मान्सून राइड' म्हणून ज्याची वाट बघतो, तो त्या लोकांचा सुट्टीचा सीझन होता.

या नियमाला सगळ्यात मोठा अपवाद म्हणजे जुलै 1660.

शिवाजी महाराज पन्हाळ्यावर होते आणि सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडला होता. पाऊस लागला की वेढा ढिला होईल, हा नेहमीचा हिशोब. पण सिद्दी पावसातही हलला नाही. शेवटी 12 जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, महाराज निवडक मावळ्यांसह बाहेर पडले. हा आकडा साधारण 600 सांगितला जातो. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद होते; ते पकडले गेले आणि मारले गेले. तपशिलांवर इतिहासकारांचे मतभेद आहेत, पण वाट माहितीची आहे: पन्हाळा, मसाई पठार, पांढरेपाणी, घोडखिंड, विशाळगड. पन्नास-साठ किलोमीटर, एका दमात, चिखलातून.

मागावर सिद्दी मसूदचं घोडदळ होतं. आता होटगीकरांनो, इथे जरा थांबा. आपल्या जंक्शनवरून एक लाइन वाडीकडे जाते आणि दुसरी विजयपूरला, म्हणजे जुन्या विजापूरला. हा सगळा मुलूख आदिलशाहीच्या सपाटीचा. इथे घोडा सुसाट पळतो. पण सह्याद्रीत, आषाढात, गुडघाभर चिखलात त्याच घोड्याचा वेग काय कामाचा? पालखी खांद्यावर घेऊन अनवाणी पळणारा मावळा तिथे सरस ठरला. आम्ही सोलापूरकडचे बायकर अडीचशे किलोमीटर हायवेनं जाऊन घाटात उतरतो, तेव्हा आमचं नातं मावळ्यांपेक्षा मसूदच्या घोडदळाशी जास्त जुळतं. ऐकायला गोड नाही, पण खरं आहे.

माती बघा ना. आपल्याकडची काळी माती चिकट. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बसली की चाकच फिरत नाही. पण सोलापूरला वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, गगनबावड्याला पाच हजारांच्या वर. तिकडे जांभा दगड आणि त्यावर शेवाळ. तो चिकटत नाही, सरळ सटकवतो. पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की गाडी आडवी. म्हणून टायरची हवा थोडी कमी ठेवायची, फूटपेगवर उभं राहायचं, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा थ्रॉटल द्यायचा.

गाड्या आता चांगल्या मिळतात. 2011 ला हीरोची इम्पल्स आली आणि फार न चालता बंद झाली. 2016 ला रॉयल एनफिल्डची हिमालयन, 2019 ला एक्सपल्स 200, 2020 ला आपल्या चाकणमध्येच बनणारी केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर. पण गाडी कितीही भारी असली तरी खिंड ती खिंडच. मी कोड लिहून पोट भरतो. आमच्या भाषेत खिंड म्हणजे बॉटलनेक. गेल्या वर्षी आंब्याच्या अलीकडे एका कच्च्या वाटेवर आम्ही पाच गाड्या होतो. तिसरा ओल्या जांभ्यावर घसरला. लागलं कुणालाच नाही, पण मागच्या दोघांना ना पुढे जाता येई ना वळता येई. दीडशे-दोनशे किलोची गाडी उचलून बाजूला घ्यायला चाळीस मिनिटं गेली. बाजीप्रभूंनी हेच गणित उलटं वापरलं. अरुंद जागी मोठी फौज ओळीनं उभी राहते आणि लढू शकतात फक्त पुढचे मोजके. मूठभर माणसांनी वाट धरून ठेवली आणि महाराज विशाळगडी पोहोचले. घोडखिंडीची पावनखिंड झाली.

त्यातून ग्रुप राइडसाठी एक नियम मी घेतलाय: वेग शेवटचा ठरवतो. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही.

आता मूळ भांडण. 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी गडाभोवतीची झाडी राखायला सांगितलंय, कारण अवघड वाट हेच गडाचं संरक्षण. 2025 ला युनेस्कोनं मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे. पण माझ्यासाठी त्याहून मोठं कारण भाताचं आहे. जुलै म्हणजे लावणीचे दिवस. या पायवाटा खाचरांच्या बांधांना लागून जातात. पाच गाड्यांच्या नॉबी टायरनी चर पडला की पाणी त्यातूनच धावतं, बांध फुटतो आणि रोपं वाहून जातात. आम्ही रविवारी संध्याकाळी होटगीत परत; बांध घालायचा त्या शेतकऱ्यानं. शिवाय शाळेची पोरं त्याच वाटेनं चालतात.

म्हणून माझं मत मी ग्रुपवर टाकलंय. गाड्या डांबरी रस्त्यानं न्यायच्या, गावात विचारून लावायच्या आणि पावनखिंडीची वाट पायी करायची, गावातलाच एखादा वाटाड्या पैसे देऊन सोबत घेऊन. चिखलात गाडी खेळवायची हौस आहे? आपल्या शिवारात पडीक रानं आहेत, मालकाला विचारा आणि मनसोक्त पडा.

दोघांनी ग्रुप सोडलाय, तिघांनी बूट घेतलेत. तुमचं मत व्हॉइस मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत हेल्मेट घाला, आणि आरशात मागच्याला बघत राहा.